टीव्हीला स्टॅबिलायझर की स्पाइक गार्ड?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घराघरांत कूलर घरघरतात आणि संध्याकाळी व्होल्टेज लागतं डुलायला. नवा टीव्ही भिंतीवर चढवताना म्हणूनच दुकानदार हमखास विचारतो, "स्टॅबिलायझर देऊ का?"

आधी टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. तिथे १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल, तर कमी व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो. टीव्हीसोबत स्टॅबिलायझर घ्यायचाच, ही जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय आपण अजून सोडलेली नाही. तुमच्याकडे व्होल्टेज वारंवार २४० च्या बरंच वर जात असेल, तर मात्र हाय-कट (व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणारी सोय) असलेला स्टॅबिलायझर घ्याच.

स्पाइक गार्डचं काम वेगळं. लाइट जाऊन परत येताना क्षणभर जो झटका येतो, तो त्यातला व्हॅरिस्टर नावाचा छोटा भाग शोषतो किंवा अर्थिंगकडे वळवतो. स्टॅबिलायझरमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, इतका चपळ नसतो. पण महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असूनही मागे अर्थिंगची वायरच नसते. तिथे स्पाइक गार्डचा निम्मा उपयोग गेला. शिवाय झटके खाऊन व्हॅरिस्टर झिजतो. खोक्यावर ज्यूलचा आकडा (किती ऊर्जेचा झटका पेलेल ते) नसेल, तर ते बहुधा साधं एक्स्टेंशन बोर्डच समजा. कूलर मात्र स्पाइक गार्डवर लावू नका.

माझा कौल स्पाइक गार्डला, अर्थिंग तपासून. विजा कडाडल्या की दोन्ही बिनकामाचे. गडगडाट जवळ यायच्या आधीच प्लग काढा, डिशची वायरसुद्धा. तीच नेमकी काढायची राहते!