पायपेटीवाले आप्पांच्या परीक्षेत पास, निवेदन मात्र नापास

आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गाणं ठेवायचं ठरलं, पण ते ठरवायचं काम माझ्याकडे द्यायला घरात कुणी तयार नव्हतं. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात मी आणलेला ऑर्केस्ट्रा सगळ्यांच्या लक्षात आहे. वाद्यं पेनड्राइव्हमधली. मध्येच वीज गेली आणि गायकाला सूरच सापडेना. आप्पा पंगतीत बसून मोठ्यानं म्हणाले, ‘गाऊलाय की टेप लावूलाय रे ह्यो?’

आप्पांनी बेळगावच्या वडगावात पस्तीस वर्षं माग चालवला. त्या खडखडाटात नाट्यपदं म्हणत. कुठली तान कुठे वळते हे त्यांना पाठ.

या वेळचे चौघे शहापूरचे. गायक, तबला, व्हायोलिन आणि पायपेटी. नाव लिहीत नाही, शहापुरात ‘पायपेटीवाले’ म्हटलं की कुणीही घर दाखवेल. अडीच तासांचे बावीस हजार, टेम्पोभाडं वेगळं. पायपेटी म्हणजे ऑर्गन, तोही खराखुरा, पायानं भाता मारायचा. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन असायचा, त्या आवाजाची आठवण असलेली माणसं आमच्याकडे अजून आहेत. पहिला सूर लागला तशी मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. भात्याचं चामडं मधूनमधून कुरकुरत होतं आणि मंद्रातला एक सूर किंचित उतरलेला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्याच पदाला गायकानं आप्पांची परीक्षा घेतली. जिथे सगळे जण ती ठरलेली लांबलचक तान घेतात, तिथे तो दोन सुरांवर थांबला, आणि तबल्याला पुढे जाऊ दिलं. आप्पांचा हात तान झेलायला वर गेलेला, तो तसाच हवेत. समेवर गायक नेमका आला तेव्हा हात मांडीवर पडला. ‘हां!’ एवढंच. एरवी ते बालगंधर्वांशिवाय कुणाला ‘हां’ म्हणत नाहीत.

चहाच्या वेळी पायपेटीवाल्या काकांना विचारलं, जुन्या पदांत असा हात घालायला भीती नाही वाटत? ते म्हणाले, ‘आमच्या सुळेभावीच्या पोरानं काय केलं मग?’ म्हणजे कुमार गंधर्व, जन्म १९२४. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचे. मोठेपणी बालगंधर्वांची पदं गायला बसले, तर कार्यक्रमाचं नावच ‘मला उमजलेले बालगंधर्व’. उमजलेले! नक्कल करायची असती तर त्यांच्याइतकी कुणाला जमली असती?

उत्तरार्धात या चौघांची स्वतःची बांधणी होती. बसवण्णांचं एक वचन आणि तुकोबांचा एक अभंग, एकाच चालीत गुंफलेले. आमच्याकडे कानडी-मराठी म्हटलं की लोक आधी पाटी कुठल्या भाषेत आहे ते बघतात, म्हणून मी जरा आवंढा गिळला. पण आमच्या कानडी व्याह्यांनी टाळ्यांनी ठेका धरला. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत नाटक उभं केलं, त्यातही कानडी वळणाच्या चाली होत्याच. आज ‘अस्सल जुनं’ म्हणून आपण कवटाळतो ते त्या काळी नवंच होतं. चाल सुरुवातीला कीर्तनासारखी, मग व्हायोलिन भलतीकडेच जातं आणि अभंगाच्या शेवटच्या ओळीला परत येतं. मधली दोन-तीन मिनिटं मात्र रेंगाळली. तिथे कात्री लावायला हवी.

तक्रार एकच, निवेदन. प्रत्येक पदाआधी ‘तो सुवर्णकाळ आता कुठे’ वगैरे. अहो, तो काळ पायपेटीतून समोर ऐकू येतोय, मग रडगाणं कशाला? पुढच्या वेळी निवेदन नको म्हणून आधीच सांगणार आहे. पैसे कमी करणार नाहीत म्हणा.

हॉल वरच्या मजल्यावर असेल तर ठरवतानाच सांगा. पायपेटी चढवायला चार माणसं लागतात. आमच्याकडे त्यातले दोघे जावई होते, ते अजून पाठ धरून बसलेत.