सौरवारा: तिथेच मोजायचा की घरी आणून?

सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला सौरवारा म्हणतात. देवगडच्या आमच्या आकाशनिरीक्षण गटात अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "सौरवारा मोजायला भारताचं आदित्य-एल१ यान तिथे आहेच, मग त्याचे नमुने पृथ्वीवर आणायची खटपट कशाला?" प्रश्न मला फार आवडला.

यानावरचं उपकरण आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, येतील तसे मोजतं. वारा कधी जोरात, कधी मंद. हे बदल वर्षानुवर्षं टिपायला दुसरा मार्ग नाही. सोहो या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरून निऑन, मॅग्नेशियमची समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली गेली. ऑक्सिजनपाशी मात्र गाडी अडते. ऑक्सिजन-१८ च्या एका अणूमागे ऑक्सिजन-१६ चे सुमारे ५०० अणू असतात आणि ऑक्सिजन-१७ तर ऑक्सिजन-१८ हूनही विरळ. एवढी बारीक मोजणी करणारं अवजड यंत्र यानावर मावत नाही.

म्हणून सौरवाऱ्याचे नमुने घरी आणणारी नासाची जेनेसिस मोहीम. २००१ ते २००४ या काळात सिलिकॉन, सोनं, नीलमणी यांच्या चकत्या एल१ जवळ, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या, यान टिकवून ठेवता येतं अशा बिंदूजवळ, उघड्या ठेवल्या. आयन त्यांत जेमतेम काही दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) खोल रुतले. परतताना पॅराशूट उघडलंच नाही आणि नमुन्यांची कुपी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात आदळली. चकत्यांचे तुकडे झाले, माती लागली. पण ऑक्सिजनसाठी राखलेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या पट्ट्या बऱ्याच वाचल्या. २०११ मध्ये निकाल आला: सूर्यात ऑक्सिजन-१६ चं प्रमाण पृथ्वीपेक्षा जास्त, आणि नायट्रोजन-१५ आपल्या हवेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी.

समस्थानिकांसाठी माझं मत ठामपणे नमुन्यांच्या बाजूने. उद्या अधिक चांगलं यंत्र आलं, तर तेच तुकडे पुन्हा तपासता येतात.