जीन्स विटकी करायला १२० नंबरचा पॉलिश पेपर

नव्या जीन्सला वापरून जुनी झाल्याचा लूक घरच्या घरी द्यायचा, तर हार्डवेअरच्या दुकानातला १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ब्लीचपेक्षा तो कितीतरी सरस. कारण डेनिमच्या विणीतच आहे: उभा धागा निळा, आडवा पांढरा, आणि नीळ उभ्या धाग्याच्याही वरवरच बसलेली असते. पेपरने तो थर खरवडला की आतला पांढरा गाभा दिसतो. रोजच्या वापराने जीन्स विटते तेव्हाही हेच घडतं. ब्लीच मात्र उंचसखल न बघता सगळाच रंग काढतं; डाग सपाट आणि पिवळट दिसतो, सूतही कमजोर होतं.

नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. ८० नंबरचा पेपर झरझर काम करतो, पण चार हात जास्त फिरले की धागे तुटायला लागतात. २२० खिशाच्या कडांना ठीक. मांडीवर नुसता हात दुखतो. कापडी पाठीचा मिळाला तर उत्तम, कागदी पेपर घडीवर फाटतो.

जीन्स घालून खुर्चीत बसा आणि जांघेजवळ पडणाऱ्या चुण्या शिंप्याच्या खडूने आखून घ्या. मग ती काढून तिच्या पायात लाकडी फळी सरकवा. ही पायरी टाळू नका. फळी नसेल तर खालच्या शिवणीचा आणि खिशाच्या अस्तराचा उठाव वर पांढऱ्या रेघांसारखा उमटतो, तो पुन्हा जात नाही. कोरड्या कापडावर, एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. मनासारखं दिसायच्या थोडं आधीच थांबा, कारण सुटलेली लव पहिल्या धुण्यात निघते आणि जागा आणखी पांढरी होते.

फाटका गुडघा हवा असेल तर दोन सेंटिमीटर अंतरावर दोन आडव्या चिरा द्या, प्रत्येकी चार-पाच सेंटिमीटर. मधले निळे उभे धागे चिमट्याने एकेक करून ओढा. पांढरे आडवे तसेच राहू द्या. भोक वाढू नये म्हणून कडेने आतून मशीनची एक टीप मारा. स्ट्रेच जीन्सवर हे करू नका. तिच्या आडव्या धाग्यात बहुधा इलॅस्टिक असतं, ते मोकळं झालं की आकसतं आणि भोकाचं तोंड चुरगळतं.

घासताना मास्क लावा, गॅलरीत बसा. धूळ बारीक असते. कारखान्यांत वाळूच्या फवाऱ्याने जीन्स विटकी करणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला, म्हणून तुर्कस्तानने २००९ मध्ये ती पद्धतच बंद केली. पॉलिश पेपरची धूळ तेवढी घातक नाही, तरी नाकातोंडात जाऊ देऊ नये.