भाडेकरूंसाठी वेगळं वायफाय – पावसाळ्यापासून वापरतोय, अनुभव लिहितो

घर सांगलीत, विश्रामबागला. खाली आम्ही, वर दोन ब्लॉक. एकात वालचंद कॉलेजची चार पोरं, दुसऱ्यात नवराबायको, त्यातल्या ताई घरूनच ऑफिसचं काम करतात. इकडं पोरं खोली बघायला आली की पाण्याच्या आधी नेट विचारतात, त्यामुळं भाड्यात नेट धरूनच द्यावं लागतं. पहिल्यांदा आमचाच पासवर्ड सगळ्यांकडं होता. मग एकदा बायको मालिका बघत बसलेली आणि आमच्या टीव्हीवर मधेच वरच्या कुणाच्या तरी मोबाईलवरनं क्रिकेटच्या रील्स सुरू! पोरानं मुद्दाम नव्हतं केलं, कास्टचं बटण दाबलं आणि यादीत आमचा टीव्ही दिसला, एवढंच. पण टीव्ही दिसतोय म्हणजे प्रिंटर दिसतोय, सीसीटीव्हीचा डबा पण दिसतोय, तेव्हा म्हटलं हे काही खरं नाही.

बसवलंय काय ते सांगतो. कनेक्शन एकच, फायबरचं, १०० एमबीपीएस. कंपनीच्या डब्याला (ओएनटी) मागं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची फुकट सिस्टीम, तिच्यात सेटिंगं जास्त मिळतात) टाकलेला माझा राउटर, त्यातनं कॅट ६ केबल जिन्याच्या कडेनं पाईपमधनं वर, वर एक छोटा मॅनेज्ड स्विच (एका केबलच्या अनेक करणारा, सेटिंग करता येणारा डबा) आणि दोन्ही ब्लॉकला एकेक अॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरनं वायफाय सोडणारा डबा. तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच केबलवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं, केलेत : १० आमचा, २० पोरांचा, ३० दुसऱ्या ब्लॉकचा. प्रत्येकाची आयपीची (नेटवर्कमधल्या पत्त्यांची) रेंज वेगळी. फायरवॉलमध्ये (कुणी कुठं जायचं हे ठरवणारे राउटरचे नियम) भाडेकरूंच्या झोनला फक्त बाहेर नेटवर जायची परवानगी, आमच्या झोनकडं वाट बंद, राउटरकडं पण फक्त डीएचसीपी (डिव्हाईसला आयपी देणारं) आणि डीएनएस (साईटच्या नावावरनं तिचा आयपी शोधणारं) एवढंच उघडं. हे डीएनएसचं पोर्ट ५३ उघडायचं राहिलं की वायफाय जोडलेलं दिसतं पण एक पान उघडत नाही, आणि माणूस उगाच कंपनीला फोन लावत बसतो. स्विच साधा घेऊ नका, मॅनेज्डच घ्या, कुठल्या पोर्टवर कुठला व्हीलॅन हे साध्यात सांगताच येत नाही. सगळं मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेलं.

बरेच जण जास्तीचा एक स्वस्त राउटर आपल्या राउटरच्या मागं लावून तो भाडेकरूला देतात आणि झालं वेगळं म्हणतात. ते उलटं आहे. मागच्या राउटरवरचा माणूस पुढच्याच्या नेटवर्कमधनं जातो, म्हणजे त्याला तुमच्या वस्तूंपर्यंत पोचता येतं, तुम्हाला मात्र त्याच्या दिसत नाहीत. दोनच राउटर असतील तर मागं तुम्ही बसा, पुढचा भाडेकरूला द्या. नाहीतर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा, साध्या घराला ते पुरतं. आमच्यात ते पुरलं नाही कारण मधे आरसीसी स्लॅब, ५ गिगाहर्ट्झ वर पोचतच नाही आणि २.४ वर सगळ्या गल्लीचे राउटर एकमेकांच्या उरावर बसलेत. वर केबल न्यायलाच लागली. चॅनल १, ६, ११ यातलेच ठेवलेत, खाली १ आणि वर ६ आणि ११.

आता स्पीडचं. संध्याकाळी पोरांचे गेमचे अपडेट सुरू झाले की ताईंची मीटिंग अडकायची, मग दारात "काका, नेट गंडलंय". मी प्लॅन वाढवला नाही. राउटरवर एसक्यूएम (लाईनवरची रांग सांभाळणारं सेटिंग) चालू केलं, त्यात केक नावाची पद्धत निवडली, आणि डाऊनलोड ९० एमबीपीएसला बांधलं. लाईन पूर्ण भरू दिली नाही तर कंपनीच्या बाजूला रांग साठत नाही आणि कॉल तुटत नाही. केकमध्ये प्रत्येक डिव्हाईसला सारखा वाटा मिळेल असं करता येतं, फक्त नॅटचा (नॅट म्हणजे राउटर सगळ्या घराला बाहेर एकाच आयपीनं दाखवतो ते) पर्याय लावावा लागतो, तो नसेल तर त्याला सगळं घर एकच दिसतं. यात एक गोम आहे, ज्याच्याकडं लॅपटॉप, मोबाईल, टॅब तिन्ही चालू त्याला तीन वाटे. चालायचंच. हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरला वगळून चिपनंच डेटा पुढं ढकलायची सोय) मात्र बंद ठेवावं लागतं आणि राउटरचा प्रोसेसर दमतो, २००-३०० चा प्लॅन असेल तर स्वस्तातला राउटर यात टिकणार नाही.

मॅक अॅड्रेस (प्रत्येक डिव्हाईसचा ओळख नंबर) बघून कुणाचं स्पीड कमी करायच्या भानगडीत पडू नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून फोन वायफायला खोटा मॅकच देतो, पोरांना ते आपल्यापेक्षा जास्त माहितीय.

न जमलेलं पण सांगतो. कंपनी डबा ब्रिज मोडला (डब्यानं राउटरचं काम न करता लाईन नुसती पुढं द्यायची) टाकून द्यायला तयारच नाही, त्यामुळं डबल नॅट आहे, एक त्यांच्या डब्यात आणि एक माझ्या राउटरमध्ये. पोरं गेममध्ये नॅट टाईप स्ट्रिक्ट दाखवतंय म्हणून कुरकुरतात. त्यावर माझ्याकडं इलाज नाही, पुढं कंपनीचंच सीजीनॅट आहे, म्हणजे एकच बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. लाईट गेली की खालचं इन्व्हर्टरवर चालतं पण वरचा स्विच बंद, त्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला तेव्हा कुठं शांतता. अॅक्सेस पॉइंटचे व्होल्ट आधी बघा, सगळेच १२ चे नसतात.

आणि कागदाचं. कनेक्शन माझ्या नावावर, म्हणजे काही लफडं झालं तर नाव माझंच निघणार. ११ महिन्यांच्या करारात नेट वापरायची एक ओळ टाकून घेतलीय, राउटरचा लॉग साठवतो. नेटचे वेगळे पैसे घेत नाही, कारण घरगुती कनेक्शन पुढं विकायला कंपनीच्या अटीत सहसा बसत नाही. ज्यांना विकायचंच आहे त्यांच्यासाठी पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेली, त्यात छोट्या दुकानदाराला लायसन लागत नाही. पण दोन ब्लॉकसाठी कोण त्या फंदात पडतंय.

माझं मत विचाराल तर पोरांसाठी ही व्यवस्था एक नंबर. वर्षाला बदलतात, नुसता पासवर्ड बदलला की झालं. फॅमिली असेल तर मात्र त्यांना त्यांच्या नावावर वेगळं कनेक्शन घ्यायला सांगा, फायबर वर ओढायला भोक पाडू द्या आणि भाडं तेवढं कमी करा. ताईंनी दिवाळीनंतर तेच केलं, ऑफिसला पण तेच हवं होतं. त्यांचा ३० नंबरचा व्हीलॅन रिकामा झाला, तर आता कॅमेरे तिकडं हलवलेत आणि त्यांचं बाहेरचं नेट बंद केलंय, रेकॉर्डिंग घरातल्या घरात होतंय.