दोन स्विच, एक सर्व्हर: एमलॅग, ईव्हीपीएन की दोन्ही नकोत?

रॅकच्या डोक्यावर दोन स्विच, सर्व्हरला दोन पोर्ट, एक केबल इकडे आणि एक तिकडे. एक गेली तरी दुसरी आहेच, असं सांगून आपण बजेट मंजूर करून घेतो. मग महापेच्या थंडगार हॉलमध्ये रात्री दोन वाजता, चाचणीच्या वेळी, कुणीतरी विचारतं, "ते ठीक आहे हो, पण एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये किती वेळ गेला?" सर्व्हर दोन स्विचना जोडायचे पर्याय, एमलॅग, ईव्हीपीएन आणि सर्व्हरवरचं बीजीपी, मी याच प्रश्नावर तपासतो.

माझी मोजायची पद्धत साधी आहे. दुसऱ्या रॅकमधल्या मशीनवरून सेकंदाला १०० पिंग (उत्तर मागणारी छोटी पॅकेट) सोडायचे, म्हणजे हरवलेलं प्रत्येक पॅकेट १० मिलिसेकंदांचं. त्या रात्री सर्व्हरच्या एका फायबर केबलचा एलसी कनेक्टर दाबून ओढला, चार पॅकेट गेली. परत लावला, एकही गेलं नाही. सगळे खूश. मग त्याच स्विचला रीबूट दिला. खाली जाताना सहा-सात पॅकेट गेली आणि वर येताना पिंग तब्बल ३८ सेकंद बंद! स्विचवर मात्र सगळे दिवे हिरवे.

घडलं ते असं. स्विच उठला की सर्व्हरकडचे पोर्ट लगेच वर येतात, एलएसीपी (दोन केबल मिळून एकच लिंक, म्हणजे लॅग, बांधणारा प्रोटोकॉल) जुळतं आणि सर्व्हर आपलं निम्मं ट्रॅफिक तिकडे ढकलायला लागतो. पण त्या स्विचचं वरच्या बाजूचं बीजीपी (कुठल्या पत्त्याला कुठली वाट, म्हणजे रूट, हे शेजाऱ्यांना सांगणारा प्रोटोकॉल) अजून उभं राहिलेलं नसतं, रूट हार्डवेअरमध्ये उतरलेले नसतात. आलेलं पॅकेट पाठवायचं कुठे, हेच त्याला ठाऊक नसतं. माझा पिंग नेमका त्याच बाजूला हॅश झाला होता, म्हणजे दोन केबलांपैकी तीच त्याच्या वाट्याला आली होती. म्हणून कुठलाही पर्याय निवडा, पहिला प्रश्न "लिंक गेली तर काय" हा नको, "स्विच परत आला तर काय" हा हवा. वरची बाजू तयार होईपर्यंत सर्व्हरकडचे पोर्ट मुद्दाम बंद ठेवणारा टायमर बहुतेक कंपन्या देतात. सिस्कोच्या व्हीपीसीत (एमलॅगचं सिस्कोचं नाव, पुढे येतंच आहे) तो मुळात ३० सेकंदांचा असतो. रूट भरपूर असतील तर तेवढा पुरत नाही, तो मोजून वाढवावा लागतो.

आता पर्याय. जादा लिंक बंद ठेवून लूप टाळणाऱ्या स्पॅनिंग ट्रीवर फार वेळ घालवत नाही. त्याच्या जुन्या ८०२.१डी मानकात वाट बदलायला ३० ते ५० सेकंद जायचे, २००१ च्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीने ते बरेच खाली आणलं, पण एक लिंक कायम ब्लॉक होऊन पडलेली असते. नव्या हॉलसाठी तो चर्चेचा विषय नाही. चुकून लूप झालाच तर आडवा यावा म्हणून चालू मात्र ठेवा.

एमलॅग, म्हणजे सिस्कोच्या भाषेत व्हीपीसी. दोन स्विच मिळून सर्व्हरला एकच असल्यासारखे दिसतात आणि दोघांमध्ये पीअर-लिंक असते. तिची खरी किंमत सर्व्हरची केबल तुटते तेव्हा कळते. पहिल्या स्विचकडे आलेलं ट्रॅफिक तो तिथल्या तिथे पीअर-लिंकवरून जोडीदाराकडे सरकवतो. बाकीच्या डेटा सेंटरला काही कळवावं लागत नाही. काही दहा मिलिसेकंदांत विषय संपतो. माझी चार पॅकेट अशीच गेली.

पण ती पीअर-लिंकच गेली तर? कीपअलाइव्ह ("मी आहे" असं एकमेकांना कळवणारे निरोप) चालू असेल तर दुय्यम स्विच आपले व्हीपीसी पोर्ट बंद करतो आणि सर्व्हर मुख्य स्विचवर जातात. इथवर ठीक. घात होतो तो अॅक्टिव्ह-बॅकअपवर (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव) चालणाऱ्या सर्व्हरचा. त्याचा चालू पोर्ट दुय्यम स्विचवर असेल तर तो स्विचच्या दृष्टीने ऑर्फन, म्हणजे जोडीत नसलेला एकटा पोर्ट. पोर्ट वरच राहतो, दिवा हिरवा राहतो, सर्व्हरला वाटतं सगळं आलबेल आहे आणि ट्रॅफिक मात्र कुठेच जात नाही. यासाठी ऑर्फन पोर्ट सस्पेंड करायची वेगळी आज्ञा आहे. ती दर पोर्टवर द्यावी लागते, आणि ऐन वेळी ती राहून गेल्याचं मी एकदा नाही, दोनदा पाहिलं आहे. कीपअलाइव्ह पीअर-लिंकवरूनच नेणारेही भेटतात. तसं केलं की लिंक तुटल्यावर दोन्ही स्विच स्वतःला मुख्य समजतात. कीपअलाइव्ह वेगळ्या वाटेने न्या, आणि पीअर-लिंक निदान दोन केबलची, जमल्यास वेगवेगळ्या कार्डांवर ठेवा.

ईव्हीपीएन मल्टिहोमिंग, म्हणजे एकच सर्व्हर अनेक स्विचना जोडून ते बीजीपीतून कळवणं, २०१५ च्या आरएफसी ७४३२ या मानकातलं. यात पीअर-लिंक नाही. दोन्ही लीफ (सर्व्हर जोडलेले रॅकमधले स्विच) आपापल्या सर्व्हर-पोर्टवर एकच १० बाइटांची सेगमेंट-ओळख लावतात आणि बीजीपीतून सगळ्यांना सांगतात की हा सर्व्हर आमच्या दोघांकडे आहे. केबल तुटली की लीफ एकच रूट मागे घेतो आणि त्या सर्व्हरमागचे हजारो मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) इतर लीफ एका झटक्यात दुसरीकडे वळवतात. मॅक १० असोत की १०,०००, वेळ जवळपास तेवढाच. जोडी दोनचीच हवी असंही नाही, मानकात तीन-चार लीफही चालतात. शिवाय प्रत्येक लीफ आपापला स्वतंत्र असल्यामुळे अपग्रेडच्या रात्री जोडीदाराची आवृत्ती जुळवत बसावं लागत नाही. मला सगळ्यात आवडतं ते हेच.

तोटाही त्याच गोष्टीत आहे. पीअर-लिंक नसल्यामुळे, मागे घेतलेल्या रूटची बातमी दूरच्या लीफपर्यंत पोहोचून त्याच्या हार्डवेअरमध्ये उतरेपर्यंत आलेली पॅकेट तुटलेल्या लीफवर पडून जातात. यावर काही कंपन्यांची झटपट वळवण्याची सोय आहे, काहींची नाही. खरेदीआधी विचारा. नुसती केबल ओढण्याच्या शर्यतीत एमलॅग पुष्कळदा जिंकतं, हे ईव्हीपीएनचे विक्रेते सहसा बोलून दाखवत नाहीत. दुसरी गोष्ट, लीफच्या स्पाइनकडच्या (सगळ्या लीफना जोडणाऱ्या वरच्या स्विचकडच्या) सगळ्या लिंक गेल्या आणि सर्व्हरचा पोर्ट वर राहिला, तर तो लीफ म्हणजे निव्वळ ब्लॅकहोल. वरच्या लिंक गेल्या की खालचे पोर्ट पाडणारं अपलिंक ट्रॅकिंग लावल्याशिवाय ईव्हीपीएन चालू करू नका. एमलॅगमध्ये पीअर-लिंकवरूनही राउटिंग चालवलं तर ती वाट निदान उरते.

तिसरा पर्याय, सर्व्हरवरच बीजीपी. लॅग नाही, दोन स्वतंत्र राउटेड लिंक. प्रकाश गेला की रूट लगेच गेला, आणि लिंक वर असून पलीकडचा गप्प झाला तर बीएफडी (शेजाऱ्याशी सतत छोटे निरोप चालू ठेवणारा प्रोटोकॉल) पकडतं. दर ३०० मिलिसेकंदांना एक निरोप, गुणिले तीन चुकलेले, म्हणजे ९०० मिलिसेकंदांत. बीएफडी नसेल तर बीजीपीचा होल्ड टायमर, जो अनेक स्विचवर मुळात १८० सेकंदांचा असतो. स्वतःचे लिनक्स सर्व्हर आणि कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) असेल तर फार देखणं डिझाइन. पण सर्व्हरवरचं बीजीपी बिघडलं की फोन कुणाला करायचा, सर्व्हरवाल्यांना की नेटवर्कवाल्यांना? हे आधी लेखी ठरवा. ग्राहकांचे सर्व्हर ठेवणाऱ्या कोलोकेशनमध्ये हा विषयच काढू नका.

कुठल्याही लॅगबद्दल एक बारीक गोष्ट, जी जवळजवळ सगळीकडे अर्धवट केलेली सापडते. एलएसीपीच्या संथ गतीत दर ३० सेकंदांनी एक निरोप जातो आणि ९० सेकंद शांतता झाल्यावर लिंक मेली असं ठरतं. जलद गतीत हेच आकडे १ आणि ३. प्रत्येक बाजू ही गती समोरच्याकडून मागते. तुम्ही फक्त स्विचवर जलद लावलंत, तर सर्व्हर गप्प झाल्याचं स्विचला तीन सेकंदांत कळेल. पण स्विचचा मेंदू गोठला आणि पोर्ट वरच राहिले, तर लिनक्सचा बाँड (सर्व्हरच्या बाजूचा लॅग) ९० सेकंद वाट पाहील, कारण त्याची मूळ मागणी संथ आहे. त्यामुळे सेटिंग दोन्हीकडे हवं.

मग घ्यायचं काय? दोन-चार रॅक, व्हीएमवेअर आणि थोडी विंडोज मशीन असतील तर मी लॅगच्याही नादी लागणार नाही. व्हीएमवेअरच्या साध्या टीमिंगला (दोन पोर्ट मिळून वापरण्याला) तो लागत नाही. आयस्कझीचे (नेटवर्कवरच्या स्टोरेजचे) दोन मार्ग वेगळे ठेवून मल्टिपाथवर सोडा. आठ-दहा रॅकपर्यंत आणि ग्राहक एलएसीपी मागत असतील तर एमलॅग, पण वरचे टायमर मोजून. त्यापुढे, किंवा आधीच व्हीएक्सलॅन (राउटेड नेटवर्कवरून लॅन वाहून नेणारी पद्धत) असेल आणि टीममध्ये बीजीपी वाचता येणारी निदान दोन माणसं असतील, तर ईव्हीपीएन. असा एकच माणूस असेल तर तो रजेवर गेल्यावर काय होतं, ते मी भोगलं आहे.

लक्ष्यही उगाच शून्य ठेवू नका. लिनक्सचं टीसीपी पुन्हा पाठवण्याआधी किमान २०० मिलिसेकंद थांबतं, मग ४००, मग ८००. पन्नासेक मिलिसेकंदांचा खड्डा बहुतेक अॅप्लिकेशनला जाणवतही नाही. एक पूर्ण सेकंद गेला तर ते दुप्पट होत जाणारे थांबे जोडून वापरणाऱ्याला दीड सेकंद दिसतो. त्या ३८ सेकंदांच्या रात्रीनंतर आम्ही सर्व्हरकडचे पोर्ट बंद ठेवणारा टायमर १८० सेकंदांवर नेला आणि पुन्हा रीबूट दिला. वर येताना दोन पॅकेट गेली.