इंजिनाचं तापमान एनएमईए २००० वर: जुनाच सेंडर की वेगळा सेन्सर?

एनएमईए २००० म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं नेटवर्क. इंजिनावरच्या मूळ सेंडरची (तापमान मोजून डॅशला कळवणाऱ्या भागाची) वायर ॲनालॉग कन्व्हर्टरला (व्होल्टेजचा नेटवर्कला कळणारा आकडा करणाऱ्या उपकरणाला) जोडली की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान नेटवर्कवर दिसतं. नवं भोक पाडायला नको, खर्चही कमी. पण डॅशवरचा काटाही त्याच सेंडरवर चालत असेल, तर वायरवरचं व्होल्टेज काट्यावरही अवलंबून असतं. म्हणून कॅलिब्रेशन काटा चालू ठेवूनच करावं. अर्थिंगचा जोड गंजला, की आकडा चुकीचा येतो.

वेगळा सेन्सर एक्झॉस्ट होजवर (इंजिनाचा धूर आणि तो थंड करणारं समुद्राचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीवर) बसवला तर वायरिंग वाढतं. तरी माझा कौल त्यालाच. समुद्राच्या पाण्याचा इम्पेलर (ते पाणी ओढणाऱ्या पंपाचं पात्यांचं चाक) फाटला की आधी होज तापते, कूलंट नंतर. तेवढ्या अवधीत इंजिन बंद करता येतं, आणि ते वाचतं! अलार्म मात्र नेहमीच्या तापमानाच्या थोडाच वर लावा.

बॅकबोनच्या (नेटवर्कच्या मुख्य केबलच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) कुठल्याही पर्यायात लागतातच.