केळीच्या हरण्या रोगाचं खरं उत्तर चौदाव्या नंबरावर

यावल तालुक्यात माझी साडेचार एकर केळी आहे. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली, जी-९ जातीची, साधारण साडेसहा हजार खोडं. दीड वर्षापासून शेतीचं एक अ‍ॅप वापरतोय. नाव टाकत नाही, कारण अशीच चार-पाच अ‍ॅप गावात फिरतात आणि सगळ्यांचं दुखणं सारखंच दिसतं.

आधी चांगलं सांगतो. पावसाचा अंदाज बरा असतो. रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीभाव वेळेवर येतात. ठिबकमधून खत सोडायचा हिशोब करून देणारं कॅल्क्युलेटर तर झकास. एवढ्यासाठी ठेवायचं तर डोळे झाकून ठेवा. माझी तक्रार त्यातल्या ‘शेतकरी चर्चा’ या भागाबद्दल आहे. नवा माणूस अ‍ॅप घेतो तो याच भागासाठी, म्हणून एवढं लिहितोय.

गेल्या ऑगस्टात आठ दिवस सूर्य दिसला नाही. नवव्या दिवशी बागेत गेलो तर तेरा रोपांच्या पानांवर पिवळे पट्टे, पानं आकसलेली, दोन रोपांचा पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडायला लागलेला. संध्याकाळी साडेसातला फोटो काढून चर्चेत टाकला, खाली लिहिलं, ‘हे काय आहे, काय करू?’ रात्री जेवून पाहतो तर बावीस उत्तरं! मला वाटलं, वा.

सगळ्यात वर एक दुकानदार. औषधाच्या बाटलीचा चकचकीत फोटो आणि एकच ओळ, ‘पंपाला तीस मिली, चार दिवसांत फरक.’ अंगठेच अंगठे. त्याखाली तेच औषध दुसऱ्या बाटलीत. मी तर सकाळी बाटली आणायला निघालोच होतो. चहा होईपर्यंत म्हणून खाली खाली सरकवत गेलो आणि चौदाव्या नंबरावर शिरपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं उत्तर सापडलं. रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी लिहिलेलं, फोटो नाही, अहिराणीत: ‘हरण्या शे. झाड उपटी फेक भाऊ, दवा मारीसन काही उपयोग नही.’ त्याला अंगठे दोन.

म्हातारा बरोबर होता. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूने येणारा रोग. मावा नावाची बारीक कीड तो विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. माव्यासाठी फवारणी करावी लागते, पण लागण झालेलं झाड कुठल्याच बाटलीने बरं होत नाही. ते उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, बांधावरचं तण काढायचं, आणि केळीत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो घ्यायचं नाही, कारण हा व्हायरस त्यांच्यावरही जगतो. (माझ्या बांधाला काकडीचे चार वेल होते. बायकोने हौसेने लावलेले. त्यावर घरात वेगळी चर्चा झाली, ती इथे नको.)

तेरा रोपं उपटली. मग राग आला म्हणून दुकानदाराच्या उत्तराखाली लिहिलं, ‘हे चूक आहे, लोकांना फसवू नका.’ तो भांडायला आला, मी उलटून बोललो, आणखी तिघं भांडणात पडले. दुपारी पाहतो तर त्याचं उत्तर अजूनच घट्ट वर बसलेलं! म्हणजे खाली भांडण झालं तरी अ‍ॅपला वाटतं, इथे काहीतरी भारी चाललंय. हा माझा अंदाज, कारण उत्तरं कशी लावतात ते त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही.

रक्षाबंधनाला पुण्याहून भाचा आला, तो संगणकाचंच काम करतो. त्याला दाखवलं. तो म्हणाला, “मामा, रेडिट नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे लोक पोस्ट टाकतात आणि बाकीचे त्यावर मतं देतात. तुम्हाला त्याचा जुना हिशोब सांगतो. त्यांनी एके काळी कोड उघडा ठेवला होता म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे.” वहीच्या मागच्या पानावर त्याने मांडलं. त्या हिशोबात मतांचं लॉगरिदम घ्यायचे. म्हणजे पहिल्या दहा मतांचं जेवढं वजन, तेवढंच पुढच्या नव्वदांचं, आणि तेवढंच त्यापुढच्या नऊशेंचं. त्यात वेळ मिळवायचे, दर ४५,००० सेकंदांना एक गुण. ४५,००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. त्यामुळे साडेबारा तास जुन्या पोस्टला नव्या पोस्टच्या बरोबरीला राहायचं तर दहापट मतं लागायची.

मी म्हटलं, “बातमीला हे ठीक आहे रे. शिळी बातमी खाली जावी. पण हरण्याचं उत्तर शिळं होतं का?”

तो म्हणाला, “नाही ना. म्हणून रेडिटने २००९ साली खालच्या उत्तरांसाठी वेगळी मांडणी आणली. त्यात घड्याळ नाहीच.” तिचा पाया एडविन विल्सन नावाच्या माणसाच्या १९२७ सालच्या गणितात आहे. एका उत्तराला एकच मत, तेही बाजूने, म्हणजे शंभर टक्के. दुसऱ्याला पन्नासपैकी पंचेचाळीस बाजूने. या गणितात दुसरं वर राहतं, कारण एका मतावर विश्वास किती ठेवणार? आणि उशिरा आलेलं उत्तर थोड्या मतांत चांगलं ठरलं तर ते आधीच्या ढिगाला ओलांडून वर येऊ शकतं. आमच्या अ‍ॅपमध्ये विरोधी मताचं बटणच नाही, नुसता अंगठा. मग चूक उत्तर खाली येणार कसं?

आता लाईटचं सांगतो, खरी गंमत तिथे आहे. आमच्याकडे मोटर चालवायची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्यांची स्वतःची बाग आहे ते रात्रपाळीला मोटरीजवळ बसतात, आणि तेव्हाच त्यांच्या हातात निवांत मोबाईल असतो. शिरपूरचा म्हाताराही तसाच बसला असणार. मी करून पाहिलं. निसवणीच्या (घड बाहेर पडायच्या) वेळी पोटॅश किती द्यावं, हा प्रश्न रात्री दीडला टाकला. एक उत्तर आलं. आठवड्याने तोच प्रश्न, तीच अक्षरं, संध्याकाळी साडेसातला टाकला. एकोणीस उत्तरं. रेडिटच्या हिशोबानेही रात्री दीडचा प्रश्न सकाळी आठच्या प्रश्नापुढे साडेसहा तास जुना, म्हणजे त्याला बरोबरीसाठी सव्वातीन पटींच्या वर मतं हवीत. मतं द्यायला त्या वेळी जागं कोण असतं? संध्याकाळी साडेसातला जागे असतात दुकानदार.

त्यांचं आणखी एक आहे. दुकानातली चार पोरं उत्तर पडताक्षणी चार अंगठे देतात. चारने काय होतं, असं मलाही वाटायचं. भाच्याने एक प्रयोग सांगितला, २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. एका संकेतस्थळावर लाखभर प्रतिक्रियांतल्या काहींना संशोधकांनी मुद्दाम बाजूने एकच मत आधी देऊन ठेवलं, कुठलीही निवडून नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. शेवटी त्यांचे गुण सरासरीने २५ टक्क्यांनी जास्त भरले. एका मताने एवढं, इथे तर चार.

डिसेंबरात कुणीतरी शेतातल्या भरीत पार्टीचा फोटो टाकला. काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. दोन दिवस तोच सगळ्यात वर. मीही अंगठा दिला, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी करप्याचे (पानं करपवणाऱ्या रोगाचे) तीन प्रश्न खाली बिनउत्तराचे पडून होते, ते मला नंतर दिसले.

‘नवीन आधी’ अशी सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण वरच्या तीन ठिपक्यांत लपवलेली, आणि अ‍ॅप बंद करून उघडलं की पुन्हा ‘लोकप्रिय’वर. कंपनीला दोनदा कळवलं. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे.’

पाचपैकी दोन तारे. दोन्ही तारे केळीभावाला आणि कॅल्क्युलेटरला, चर्चेला शून्य. घ्यायचंच असेल तर प्रश्न संध्याकाळी टाका, पण उत्तरं दुसऱ्या दिवशी दुपारी, पार तळापर्यंत जाऊन वाचा. शिरपूरच्या त्या बाबांना मी अंगठा दिला, आता तीन झालेत. आज आमची रात्रपाळी आहे, लाईट साडेबाराला येईल, तोवर ‘नवीन आधी’ लावून बसतो.